उजव्या हाताची किटली

भंडारा जिल्ह्यात बघण्यासारखं काय आहे, असं निघण्यापूर्वी मला साताऱ्यात बऱ्याच जणींनी विचारलं. मला माहीत नव्हतं. मी बघायला निघालेच नव्हते, दाखवायला निघाले होते: एक किटली, आणि तिच्या निमित्ताने स्वतःला. माझी मुलगी सई जपानात नागोयाला नोकरी करते. तिथंच नोकरी करणाऱ्या निखिलशी तिनं लग्न ठरवलं, आणि निखिलचं घर मोहाडीला. मुलीकडच्यांनी एकदा घर बघून यावं, एवढं तरी जुन्या पद्धतीचं व्हावं म्हणून मी निघाले. आमच्या ह्यांनी ऐन वेळी गुडघ्याचं कारण काढलं. गुडघा खरा दुखतो, पण सोयीनं दुखतो. जात वेगळी, धर्म वेगळा, गाव महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, हे सगळं त्या गुडघ्यात शिरलं होतं.

किटलीचं आधी सांगते. उन्हाळ्यात मी सईकडे राहायला गेले होते, तेव्हा निखिल आम्हा दोघींना एका कुंभारांच्या गावी घेऊन गेला. त्याच्या वडिलांना, दौलतरावांना, साखरेचा आजार निघाला होता आणि डॉक्टरांनी दूध-साखरेचा चहा बंद केला होता. दौलतराव एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. पहाटेची गाडी काढायची म्हणून उभी हयात सगळ्यांच्या आधी उठून त्यांनी स्वतःच्या हातानं चहा केला, बायकोलाही अंथरुणात नेऊन दिला. "बाबांचा चहा गेला म्हणजे त्यांची सकाळच गेली," निखिल म्हणाला. म्हणून दूध नको, साखर नको असा हिरवा चहा आणि तो करायला खास भांडं, असा त्याचा बेत.

मला वाटलं, किटली ती किटली, एक उचलायची आणि निघायचं. त्या दुकानात आमचा अर्धा दिवस गेला. दुकानदार बाई माझ्याच वयाच्या, आणि गिऱ्हाइकाला हवं ते देण्यापेक्षा योग्य ते देणाऱ्या. त्या बोलत होत्या, निखिल मला मराठीत सांगत होता. किटली लहानच घ्या, दोन-तीन माणसांपुरती. पाणी उरलं आणि पानं त्यात पडून राहिली की चहा कडू झालाच. आतून झिलई नसलेली लाल मातीची बरी. तोटीच्या मुळाशी मातीचीच बारीक चाळण हवी. झाकण फिरवून बघा, खडखडलं तर ठेवून द्या. सगळ्यात शेवटी दांडा. ह्या किटलीला आपल्यासारखा मागे कान नसतो. तोटीपासून काटकोनात, बाजूला, एक आखूड सरळ दांडा असतो. तो मुठीत धरायचा, अंगठा झाकणावर दाबायचा आणि मनगट नुसतं आत वळवायचं. बाईंनी विचारलं, ज्यांच्यासाठी घेताय ते कोणत्या हाताचे? डावखुऱ्यांची किटली वेगळी असते, तिचा दांडा दुसऱ्या बाजूला. "उजव्या," निखिल ताबडतोब म्हणाला.

आणि ते तेव्हा खरंच होतं.

पावसाळाभर ती किटली माझ्या कपाटात जुन्या सुती साड्यांच्या घड्यांत बसून होती. धान कापणीच्या सुमारास मला सवड झाली, तेव्हा तिला मांडीवर घेऊन मी रेल्वेत बसले.

वरठी

भंडारा रोड नावाचं स्टेशन भंडाऱ्यात नाही, वरठीला आहे. हे मला उतरल्यावर कळलं आणि मी उगाचच घाबरले. पण समोर एक ठेंगण्या, तरतरीत बाई हात हलवत उभ्या होत्या. निखिलच्या आई, लताताई. त्यांनी "जय भीम" म्हटलं, मी "नमस्कार" म्हटलं, आणि मग दोघींनाही हसू आलं.

"या जी ईनबाई, लय दूरून आल्या," त्या म्हणाल्या. आमच्याकडे विहीणबाई म्हणायला लग्नाच्या अक्षता पडाव्या लागतात. इथे स्टेशनवरच उरकलं. मला आवडलं. आवडलं नाही ते एवढंच की दौलतराव आले नव्हते. उभी हयात गाडी हाकलेला माणूस, स्टेशन दहा-बारा किलोमीटरवर, आणि व्याही म्हणून घरात बसून राहतो? "त्याइले थोडं बरं नाही वाटून राहिलं," असं म्हणून लताताईंनी माझी बॅग रिक्षात टाकली. माझ्या मनात आलं, ह्यांचाही गुडघा दिसतोय.

रस्ता मात्र असा की राग फार टिकेना. आमच्याकडे डोंगर नजरेला अडवतो. इथे नजर जाईल तिथवर सपाट धान. हलका धान कापून पेंढ्या पडलेल्या, भारी धान अजून उभा, पिवळाधमक. मध्येच बोडी, म्हणजे शेतातलं छोटं तळं, आणि तिच्या काठाला बगळे. लताताई मला प्रत्येक तुकडा कोणाचा ते सांगत होत्या आणि मी प्रत्येकाला "वा" म्हणत होते.

मोहाडी

घर साधं, पुढे छपरी, अंगणात तुळशीच्या जागी जास्वंद आणि आत भिंतीशी बुद्धाची पांढरी मूर्ती. दौलतराव खुर्चीत बसले होते. अंगावर शाल. मी नमस्कार केला, ते उठले नाहीत. नुसता डावा हात छातीशी नेला आणि म्हणाले, "बसा जी, बसा. हातपाय धुवून घ्या." बोलणं गोड, पण जरा जड. मी मनात दुसरी नोंद केली: नमस्कारही एका हातानं.

जेवायला लाखोरीच्या डाळीचे वडे, कोचईच्या म्हणजे अळूच्या पानांची भाजी, तव्यावरचे पांढरेशुभ्र आयते (तांदळाच्या पिठाची जाळीदार धिरडी) आणि वर भात होताच. आम्ही भाकरीची माणसं. भाताआधीही तांदूळ खायचा असतो हे मला नवीन. चार आयते खाल्ले. पाचवा लताताईंनी न विचारता वाढला.

जेवणानंतर मी किटलीचा खोका उघडला. लताताईंनी ती हातात घेतली, उलटीसुलटी केली, "नाजूक आहे हो" म्हणाल्या आणि आत गेल्या. मी सोबत आणलेला चहाचा डबा फोडेपर्यंत मागच्या अंगणातून घासल्याचा आवाज आला. धावले. त्या किटलीला राखेनं घासत होत्या! भंडाऱ्याची पितळेची भांडी वापरलेलं घर, नवं भांडं राखेनं उजळल्याशिवाय चुलीवर चढतच नाही. दुकानदार बाईंनी बजावलं होतं की साबणसुद्धा लावायचा नाही, माती वास धरते, नुसत्या पाण्यानं धुवा आणि झाकण काढून वाळवा. मी किंचाळलेच. लताताईंचा चेहरा पडला. "मले काय माहीत जी, घरात आलं तं घासलं." गरम पाण्याचे चार हात दिले, नाक लावून हुंगून पाहिलं. राखेचा वास नाही. माझा जीव भांड्यात पडला आणि मग मलाच हसू फुटलं.

पहिला चहा मी केला तो उकळत्या पाण्याचा, घाईघाईत. तो कडुलिंबाच्या काढ्यासारखा झाला. लताताईंनी एक घोट घेऊन पदर तोंडाला लावला. दौलतराव मात्र गंभीरपणे म्हणाले, "डॉक्टरच्या औषधापेक्षा बरा आहे." मग मला आठवलं, उकळलेलं पाणी आधी कपांत ओतून निववायचं असतं, बोट क्षणभर ठेवता येईल इतकं. दुसऱ्यांदा नवी पानं घातली, निवलेलं पाणी ओतलं आणि थांबले.

"आता तुम्ही ओता," मी दौलतरावांना म्हटलं. "निखिलनं मला बजावलंय. तुमच्या हातानं ओततानाचा फोटो पाठवायचाय."

मी मोबाइल काढून समोर धरला. दौलतरावांनी डावा हात पुढे केला, दांडा धरला, किटली स्वतःकडे कलवायला गेले. तोटी भलतीकडे, झाकण घरंगळलं आणि अर्धा चहा माझ्या साडीवर.

"अहो, उजव्या हातानं!" मी शिक्षिकेच्या आवाजात ओरडले.

लताताईंनी हळूच त्यांची शाल बाजूला केली. उजवा हात मांडीवर पडला होता, बोटं आत वळलेली, कोणी दुसऱ्याचा आणून ठेवल्यासारखा.

"लकवा मारला जी," त्या म्हणाल्या. "श्रावणात. पाय सुधरला, बोलणं सुधरलं. हात नाही."

मला फार वाईट वाटलं आणि फार लाजही वाटली. पण दोन्ही पुरतं वाटायच्या आत संताप आला, कारण पुढचं वाक्य होतं, "पोराले माहीत नाही. तुमी सांगू नका." दर रविवारी निखिलचा व्हिडिओ कॉल येई, आणि दर रविवारी दौलतराव अंगावर शाल ओढून, हात दडवून, "शुगर आहे थोडी, बाकी मस्त" म्हणत. श्रावणापासून ही शाल चालली होती.

"आणि उद्या माझी मुलगी ह्या घरात येणार, तिलाही शाल दाखवणार?" मी म्हटलं.

"तो नोकरी सोडून येईन," दौलतराव म्हणाले. "मी त्याले ओळखतो. एका दिवसात राजीनामा देईन, आन् मंग मोहाडीले बसून माह्या हाताकडे पाहत राहीन. त्याच्यासाठी शिकवलं का त्याले?"

तरी मी माझं स्पष्ट सांगितलं: रविवारपर्यंत मी गप्प बसेन. तुम्ही त्याला सांगितलंत तर उत्तम. नाहीतर सोमवारी मी सईला सांगणार, कारण तिच्याशी मी खोटं बोलत नाही. लताताईंनी नुसतं झाकण उचलून पुसलं. त्याला साधा टवकाही उडाला नव्हता.

गोसीखुर्दकडे

दुसऱ्या दिवशी लताताई मला त्यांच्या माहेरी घेऊन गेल्या. मला वाटतं, मी घरात बसून दौलतरावांकडे बघत राहू नये म्हणून. माहेर म्हणजे पुनर्वसनाचं गाव. मूळ गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलेलं. सरळ रस्ते, एकसारखे प्लॉट, आणि झाडं अजून माणसांपेक्षा लहान. त्यांच्या भावजयीनं मासळीचा रस्सा केला होता, वैनगंगेची ताजी मासळी, वाटणात जवस. तिखट इतकं की आमचं कोल्हापूरकडचं तिखट म्हणजे नुसता रंग वाटावा. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती माउली विचारत होती, "अजून देऊ का वाढून?"

जेवून आम्ही दोघी पाण्याकडे गेलो. पाणी म्हणजे समुद्रच, पलीकडचा काठ धुरकट. पाण्यातून वाळलेल्या झाडांचे शेंडे वर आलेले, त्यांवर पाणकावळे पंख वाळवत बसलेले. एक नाव सावकाश जाळं ओढत होती. सुंदर होतं, पण सुंदर म्हणायची चोरी वाटली.

"तिकडं आमचं घर," लताताईंनी बोट केलं. मला नुसतं पाणी दिसलं. "मी लगन होऊन मोहाडीले होती. बाबाले माहीत होतं गाव उठून राहिलं. मले नाही सांगितलं. पोरीच्या जिवाले कायले घोर, म्हणून. मी राखीले आली तं घरावर कवेलू नाही. उघडं घर. आंगणातला आंबा तोडलेला. पाण्याचा राग नाही आला जी मले. बाबाचा आला. सांगितलं असतं तं एक दिवस आधी येऊन त्या आंगणात बसली असती मी."

मला उपदेश करायची सवय आहे, पण तेव्हा कुठून तरी अक्कल आली आणि तोंड बंद राहिलं.

परतीच्या बसमध्ये पवनी हे गाव मागे पडलं. तशा त्या एकदम माझ्याकडे वळल्या. "पोट्ट्याले सांगायले पायजे नं ईनबाई?" मला इतकं हलकं वाटलं की मी त्यांचा हात धरला आणि तो मोहाडी येईपर्यंत सोडायचा विसरले.

त्यांनी घरी गेल्या गेल्या नवऱ्याला सांगितलं. दौलतरावांनी ऐकून घेतलं आणि टीव्ही लावला.

पुन्हा मोहाडी

रविवारी सकाळी मला पाण्याच्या आवाजानं जाग आली. छपरीत दौलतराव एकटे बसले होते, पुढ्यात किटली, एक भगोनं म्हणजे पातेलं, आणि किटलीत साधं पाणी. डाव्या मुठीत दांडा. ओतायला जायचे, पाणी मांडीवर. पुन्हा भरायचे. लुंगी चिंब झाली होती. मी खांबामागे थांबायला हवं होतं, पण मला शिंक आली.

"या ईनबाई," ते मागे न बघता म्हणाले. "पाहून राहिल्या का?"

"डाव्या हाताचीही किटली मिळते तिकडे," मी म्हटलं. "निखिल बदलून..."

"कायले? ह्याच हातानं गियर टाकला मी जलमभर." त्यांनी दांड्यावर मूठ आवळून दाखवली. उजवा हात स्टेअरिंगचा, डावा गियरचा. एसटीचा गियर हलवायला हत्तीचं बळ लागायचं म्हणे. "माहं चुकून राहिलं होतं कुठं, तं मी हिले आपल्याकडे वढत होतो. ही आपल्याकडे येत नाही. बाहेर ढकला लागते. पयला टाकतो तशी."

आणि त्यांनी मनगट बाहेर वळवलं. अंगठा झाकणावर, दांडा पोटाशी, तोटी डावीकडे. पाण्याची धार सरळ भगोन्यात पडली. थोडी बाहेर गेली, पण बहुतेक भगोन्यात. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्या जड झालेल्या ओठांतून असं हसले की मला निखिल दिसला. अडचण एकच होती, अशानं चहा आपल्या पुढ्यात पडत नाही, डाव्या बाजूला बसलेल्याच्या पुढ्यात पडतो. "तं मंग कोणीतरी बसलं पायजे बाजूले," ते म्हणाले.

मी भगोनं उचलून पुन्हा भरून आणलं. सूर्य वर येईपर्यंत आम्ही दोघं पाणी ओतत बसलो. आज काय करणार, हे मी त्यांना विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

फोन दुपारी आला. लताताईंनी मोबाइल तांब्याला टेकवून ठेवला. पडद्यावर सई आणि निखिल खांद्याला खांदा लावून बसलेले. निखिल आनंदात होता. "काय बाबा, सातारकर आवडले का? आई, काय खाऊ घातलं?" लताताई उत्तरं देत होत्या आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. माझं सगळं लक्ष शालीकडे.

"थांब," दौलतराव म्हणाले. "तुह्या किटलीतला चहा दाखवतो तुले."

त्यांनी डाव्या हातानं शाल काढली आणि खुर्चीमागे टाकली. मग उजवा हात मनगटाला धरून उचलला आणि टेबलावर ठेवला, पडद्यासमोर. चमच्यानं पानं घातली. कपात निवत ठेवलेलं पाणी किटलीत ओतलं, झाकण लावलं. मग आम्ही सगळे थांबलो. तो चहा मुरायला मिनिटभर लागतो. तेवढ्या वेळात निखिलचं बोलणं आधी मंद झालं, मग थांबलं. दौलतरावांनी दांडा धरला, अंगठा दाबला, मनगट बाहेर वळवलं. मी त्यांच्या डावीकडे बसले होते. चहा माझ्या कपात पडला, फिकट हिरवा, शेवटच्या थेंबापर्यंत. शेवटचा थेंब पडावा म्हणून त्यांनी एक हलका हिसका दिला.

"बाबा, उजवा हात उचला," निखिल म्हणाला.

"उठत नाही रे."

"कधीपासून?"

"श्रावणात लकवा मारला. आता बरा आहो. चालतो, बोलतो. तू पाह्यलं नं, चहा बी ओततो."

निखिल उठून पडद्याबाहेर गेला. रिकाम्या खुर्चीशेजारी सई माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे. तो आला तेव्हा डोळे लाल होते. "काहून नाही सांगितलं?"

"तू आला असता."

"आलोच असतो!"

"म्हणूनच नाही सांगितलं."

"मी येतो. उद्याच रजा मागतो."

दौलतरावांनी किटली खाली ठेवली. मग म्हणाले, "ये. मलेही पाहायचं आहे तुले. पण वापसीचं तिकीट काढून ये. तिकीट नसन तं दार नाही उघडणार."

निखिल रडता रडता हसला. "काढतो," तो म्हणाला. "दोन्ही एकदमच काढतो, बाबा."

"दाखवजो मले."

"दाखवतो."

मला काय वाटलं ते सरळ सांगते: सुटल्यासारखं वाटलं. सईसाठी, त्या दोघांसाठी, आणि स्वतःसाठीही. सोमवार आता नुसता सोमवार होता. लताताई उघडपणे रडत होत्या आणि पडद्यावरच्या मुलाला रागे भरत होत्या की किती वाळला आहेस. मी कप तोंडाला लावला. चहा छान झाला होता, किंचित गोडसर, आणि कडू अजिबात नाही.

निखिलनं डोळे पुसले आणि पडद्याच्या अगदी जवळ आला. "बाबा, अजून एकदा ओता. मले नीट दिसलं नाही."

त्याला सगळं दिसलं होतं. दौलतरावांनाही ते कळलं असावं. "त्याच पानांवर दुसरं पाणी चालतं," मी म्हटलं. लताताई पाणी आणायला उठल्या. मी उरलेला घोट घाईनं संपवला आणि कप पुन्हा दौलतरावांच्या डाव्या हाताशी सरकवला.